अटकेनंतरचा न्यायालयातील पहिला दिवस: गंभीर गुन्ह्यात आरोपीला हजर करतात तेव्हा नेमके काय होते

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. शेताच्या बांधावरून झालेल्या मारामारीत आपल्या चोवीस वर्षांच्या आतेभावावर खुनाच्या प्रयत्नाचा, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम १०९ खालील गुन्हा दाखल झाला आहे. आज सकाळी सातच्या सुमारास पोलीस त्याला ‘चौकशीसाठी’ म्हणून घरातून घेऊन गेले, संध्याकाळी अटक दाखवली आणि उद्या, रविवारी, त्याला न्यायाधीशांपुढे हजर करणार आहेत. तिथे काय होईल, त्याला काय विचारतील, तो उद्याच घरी येईल का, आणि अमेरिकेत असलेले आपले मामा फोनवर ‘पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल नाही असे ठासून सांगायला हवे’ असे म्हणतात ते बरोबर आहे का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी गेली एकोणतीस वर्षे जिल्हा आणि तालुका न्यायालयांत फौजदारी वकिली करतो, त्यांतली काही वर्षे मोफत विधी सेवेच्या वकिलांच्या यादीवरही होतो, आणि अशा पहिल्या दिवसांना किती वेळा उभा राहिलो याची मोजदाद माझ्याकडे नाही. त्या अनुभवावरून उत्तर देतो.

सर्वांत आधी जे ऐकायला कठीण आहे ते सांगतो: उद्या तो घरी येण्याची शक्यता फार थोडी आहे. मात्र त्याचा अर्थ तो दोषी ठरला असा अजिबात नाही, कारण उद्या त्याने गुन्हा केला की नाही हा प्रश्न न्यायालयापुढे नसतोच. अटक कायद्याप्रमाणे झाली आहे का, त्याला यापुढे अडकवून ठेवण्याची खरोखर गरज आहे का, आणि असल्यास पोलिसांच्या ताब्यात की तुरुंगात व किती दिवस, एवढेच उद्या ठरते. गुन्हा कबूल आहे का, हे आपल्याकडे न्यायालय फार पुढे विचारते. तपास पूर्ण होऊन दोषारोपपत्र दाखल होते, त्याच्या प्रती आरोपीला मिळतात, खुनाच्या प्रयत्नासारखा खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी सत्र न्यायालयाकडे वर्ग करतात, तिथे आरोप निश्चित होतात आणि तेव्हा ‘गुन्हा कबूल आहे का’ असे विचारले जाते. यात कित्येक महिने, काही वेळा वर्षे जातात. चित्रपटांतले कोर्ट पाहून नातेवाईक पहिल्या दिवशी साक्षीदार घेऊन येतात आणि त्यांचे कोणी ऐकले नाही म्हणून हताश होऊन परततात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

मामांचा सल्ला मायेपोटी आहे, पण तो त्यांच्या देशातला आहे. एक वर्षाहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्याला तिथे ‘फेलनी’ म्हणतात, आणि अशा खटल्यात पहिल्या हजेरीला आरोप व हक्क सांगणे, वकील नेमणे आणि सुटकेच्या अटी ठरवणे ही मुख्य कामे होतात. तिथल्या फेडरल न्यायालयांतसुद्धा कबुली-नाकबुलीचा टप्पा पहिल्या हजेरीपासून वेगळाच मानलेला आहे. खरा फरक निराळा आहे. तिथल्या पहिल्या दिवसाचे केंद्र सुटका असते, तर आपल्याकडच्या पहिल्या दिवसाचे केंद्र कोठडी, आणि त्यातही पोलीस कोठडी असते. म्हणून तिथला अनुभव इथे लावू नये.

आता वेळेविषयी, कारण आपल्या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट तीच आहे. राज्यघटनेचे अनुच्छेद २२ आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५८ यांनुसार अटक केलेल्या माणसाला, प्रवासाचा आवश्यक वेळ वगळून, चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावेच लागते. (ही संहिता १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी लागू झाली आहे; जुन्या वकिलांच्या तोंडी अजून ५७ आणि १६७ हीच कलमे येतात, गोंधळून जाऊ नये.) हे चोवीस तास अटकेच्या कागदावर लिहिलेल्या वेळेपासून मोजायचे की माणसाचे हिंडण्याफिरण्याचे स्वातंत्र्य प्रत्यक्ष गेले तेव्हापासून, यावर न्यायालयांत पुष्कळ वाद झाले आहेत, आणि ज्याला ठाण्यातून उठून घरी जाण्याची मुभा नव्हती तो त्या क्षणापासून अटकेतच होता, ही भूमिका मांडण्यास भक्कम आधार आहे. आपल्या भावाला सकाळी सातला नेले आणि अटक संध्याकाळची दाखवली, तर मधले बारा तास कुठे गेले हा प्रश्न उद्या विचारला गेलाच पाहिजे. त्यासाठी पुरावा लागतो. घराजवळच्या दुकानाचा सीसीटीव्ही, त्या वेळी आपण कोणाला केलेले फोन, ठाण्याबाहेर थांबलेल्या माणसांची नावे, हे सगळे आज रात्रीच एका कागदावर वेळेसह लिहून काढा आणि तो कागद वकिलांच्या हाती द्या. पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसवून त्यांचे चित्रण दीर्घकाळ जपण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये दिले आहेत. त्यामुळे आजच्या दिवसाचे ठाण्यातील चित्रण राखून ठेवावे, असा अर्ज वकील उद्याच देऊ शकतात, आणि माझ्या मते त्यांनी तो द्यावाच, कारण महिनाभराने मागितलेले चित्रण सहसा उपलब्ध होत नाही.

अटकेसोबत जे कागद तयार व्हायला हवेत त्यांतला पहिला अटक पंचनामा किंवा अटक फॉर्म. त्यावर वेळ, ठिकाण आणि कुटुंबातील एखाद्याची किंवा त्या भागातील प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही हवी. सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात १९९६ साली घालून दिलेले हे नियम आता कायद्याच्या कलमांत आलेले आहेत. दुसरा आणि आज सर्वांत निर्णायक ठरणारा कागद म्हणजे अटकेची लेखी कारणे. २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाने एकामागून एक निकालांत हा हक्क बळकट केला. फेब्रुवारी २०२५ च्या विहान कुमार निकालात ही कारणे कळवली नसतील तर अटकच बेकायदा ठरते आणि कारणे कळवली आहेत की नाहीत हे पाहणे रिमांड, म्हणजे पुढील कोठडीचा आदेश, देणाऱ्या न्यायदंडाधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे असे म्हटले, तर नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात असे सांगितले की कोणत्याही कायद्याखालचा गुन्हा असला तरी कारणे लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यायला हवीत, आणि अटकेच्या क्षणी ते शक्य नसेल तर निदान रिमांडसाठी हजर करण्याच्या दोन तास आधी तरी ती त्याच्या हातात पडली पाहिजेत.

हा कागद पाहताना एक बारकावा लक्षात ठेवा. ‘तपासकामी आवश्यकता आहे’, ‘पुरावा नष्ट करू नये म्हणून’ ही छापील वाक्ये कोणत्याही आरोपीला लागू पडतात. त्यांना अटकेमागचा हेतू म्हणता येईल, पण या विशिष्ट माणसाला अटक का केली, त्याने कोणत्या तारखेला, कुठे, कोणावर, कशाने काय केले असा आरोप आहे, हे त्यांतून कळत नाही. कायद्याला अपेक्षित कारणे ही दुसऱ्या प्रकारची आहेत, कारण ती वाचूनच वकील कोठडीला विरोध करू शकतो. त्याच वेळी आपल्या मनात भलती आशाही निर्माण करू इच्छित नाही: या त्रुटीवर सुटका झाली तरी पोलीस लेखी कारणे देऊन पुन्हा कोठडीची मागणी करू शकतात. तरीही त्रुटी असेल तर ती उद्याच नोंदवायला हवी, कारण पुढे उच्च न्यायालयात पहिला प्रश्न येतो तो ‘हे पहिल्या रिमांडला का सांगितले नाही’ असाच.

हजर करण्यापूर्वी त्याची वैद्यकीय तपासणी होईल, बहुधा ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात. अटक झालेल्या माणसाची सरकारी डॉक्टरांनी तपासणी करून अंगावरील जखमांची आणि त्या साधारण कधीच्या असाव्यात याची नोंद करायची असते, आणि त्या अहवालाची प्रत आरोपीला किंवा त्याने नेमलेल्या माणसाला मिळायला हवी. प्रत्यक्षात ही तपासणी बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत, शेजारी पोलीस शिपाई उभा असताना, दोन मिनिटांत उरकली जाते. आपला भाऊ स्वतः त्या मारामारीत जखमी झाला असेल तर ही तपासणी त्याच्या बचावाचा पहिला पुरावा आहे. काठी लागून त्याच्या पाठीवर वळ असतील, हात सुजला असेल, तर ते त्याने डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे, नाहीतर ‘आम्हालाही मारले’ हे म्हणणे पुढे कोरडे वाटते.

उद्या रविवार असल्यामुळे नेहमीच्या न्यायालयात नव्हे, तर सुट्टीच्या दिवशी ज्यांच्याकडे काम सोपवलेले असते त्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे त्याला हजर करतील. मोठ्या शहरांत त्यासाठी सुट्टीचे न्यायालय भरते, तालुक्याच्या ठिकाणी अनेकदा न्यायाधीशांच्या निवासस्थानी नेतात. ज्यांच्यापुढे खटला चालणार आहे तेच न्यायदंडाधिकारी असावेत असे बंधन पहिल्या हजेरीला नाही. म्हणून आज रात्रीच ठाणे अंमलदाराकडून किंवा तपासी अधिकाऱ्याकडून उद्या कुठे आणि अंदाजे किती वाजता नेणार हे विचारून घ्या; कुटुंब कोर्टाच्या बंद फाटकासमोर उभे आणि आरोपीचा रिमांड दोन किलोमीटरवरच्या बंगल्यावर होऊन गेलेला, असे घडते.

प्रत्यक्ष सुनावणी दहा-पंधरा मिनिटांची असते. तपासी अधिकारी रिमांड रिपोर्ट आणि केस डायरी (तपासाची रोजची नोंदवही) सादर करतात, सहायक सरकारी अभियोक्ता कोठडीची मागणी मांडतात, आरोपीचे वकील विरोध करतात आणि न्यायाधीश आदेश लिहितात. आपल्याकडच्या कोर्टकचेरीच्या बोलीत पोलीस कोठडीला ‘पीसीआर’ आणि न्यायालयीन कोठडीला, म्हणजे तुरुंगातील कोठडीला, ‘एमसीआर’ म्हणतात. उद्या बाहेर आल्यावर वकील ‘तीन दिवस पीसीआर’ एवढेच सांगतील, त्याचा अर्थ तीन दिवस पोलीस ठाण्याच्या कोठडीत, तपासाधीन. पोलीस कोठडी हवी असेल तर आरोपीला प्रत्येक वेळी न्यायाधीशांसमोर सदेह हजर करावे लागते, दूरदृश्य प्रणालीवरून चालत नाही. न्यायालयीन कोठडी वाढवायची असेल तर मात्र ती सोय वापरता येते.

रिमांड रिपोर्ट हा साधारण दीड-दोन पानांचा मराठी कागद असतो आणि त्या दिवशीची सगळी लढाई त्यावर होते. वरच्या भागात गुन्हा क्रमांक, कलमे, आरोपीचे नाव, अटकेची तारीख-वेळ. मग घटनेची हकीकत. मग तपासाची प्रगती. आणि शेवटी क्रमांक घालून पोलीस कोठडीची कारणे, ज्यांचा शेवट बहुतेक वेळा ‘सबब नमूद आरोपीची सात दिवस पोलीस कस्टडी रिमांड मंजूर होण्यास विनंती आहे’ अशा वाक्याने होतो. कारणे ठरलेली असतात: गुन्ह्यात वापरलेले हत्यार हस्तगत करणे आहे, आरोपीचे गुन्ह्याच्या वेळचे कपडे जप्त करणे आहेत, फरार साथीदारांचा शोध घेणे आहे, गुन्ह्याचा उद्देश निष्पन्न करणे आहे. मी प्रत्येक कारणापुढे पेन्सिलीने एकच प्रश्न लिहितो: हे काम आरोपी ताब्यात नसताना होणार नाही का? एका प्रकरणात कुऱ्हाड हस्तगत करण्यासाठी पाच दिवस मागितले होते, आणि त्याच संचाला जोडलेल्या घटनास्थळ पंचनाम्यात, तिसऱ्या परिच्छेदात, रक्ताचे डाग असलेली कुऱ्हाड पंचांसमक्ष सीलबंद केल्याची नोंद होती. ती ओळ न्यायाधीशांना दाखवल्यावर पाच दिवसांचा एक दिवस झाला. फिर्यादीत सर्व आरोपींची नावे असतील तर ओळख पटवण्यासाठी कोठडी कशाला, जखमी रुग्णालयातून घरी गेला असेल आणि जखमा साध्या असतील तर खुनाच्या प्रयत्नाचे कलम लागते तरी का, हे मुद्दे आपल्या प्रकरणात लागू पडतात का ते वकिलांनी जखम प्रमाणपत्र पाहून ठरवावे.

न्यायदंडाधिकाऱ्यांचे हे काम टपाल खात्याच्या शिक्क्यासारखे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. अर्नेश कुमार निकालाने, २०१४ साली, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक का टाळता आली नाही याची यादी पोलिसांनी द्यायची आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनी ती स्वतः पडताळून पाहायची असे बंधन घातले. आपल्या भावावरील कलमाची शिक्षा त्याहून जास्त असल्याने तो नेमका निकाल इथे थेट लागू होत नाही, पण पोलीस कोठडी देताना कारणे लिहिण्याची सक्ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ मध्येच आहे आणि ती सर्व गुन्ह्यांना लागू आहे.

आता ज्या प्रश्नासाठी मी हे उत्तर एवढे लांबवतो आहे त्याकडे येतो. न्यायाधीश आपल्या भावाला बहुधा चार-पाच प्रश्न विचारतील: नाव काय, अटक का केली ते सांगितले का, घरी कळवले का, वकील आहे का, आणि पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का. शेवटचा प्रश्न महाराष्ट्रातूनच आलेला आहे. मुंबईतील कोठड्यांमध्ये स्त्रियांना होणाऱ्या मारहाणीविषयी पत्रकार शीला बर्से यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, आणि १९८३ च्या निकालात न्यायालयाने आदेश दिला की हजर केलेल्या प्रत्येक माणसाला न्यायदंडाधिकाऱ्यांनी छळाची तक्रार आहे का हे विचारावे आणि वैद्यकीय तपासणीचा त्याचा हक्क सांगावा. दुर्दैवाने हा प्रश्न अनेकदा कागदावरची मान वर न करता विचारला जातो आणि ‘नाही’ हे उत्तर आधीच ठरलेले असते.

काही वर्षांपूर्वी एका तालुका न्यायालयात विधी सेवेतून माझ्याकडे एका वीस-एकवीस वर्षांच्या मुलाचे काम आले. चोरीच्या टोळीतला संशयित म्हणून त्याला आणले होते. ‘तक्रार?’ या प्रश्नाला त्याने ‘नाही साहेब’ म्हटले. तो भिंतीशी उभा होता आणि त्याच्या चपला पायांत नव्हत्या, हातात होत्या. कोर्टाला मान म्हणून काढल्या असतील असे आधी वाटले, पण बाकीचे आरोपी चपला घालूनच उभे होते. मी न्यायाधीशांना विनंती केली की पोलिसांना दाराबाहेर थांबवून हाच प्रश्न पुन्हा विचारावा. त्यांनी तसे केले. मुलगा काही बोलला नाही. त्याने भिंतीला टेकून एक पाय वर केला आणि तळवा दाखवला. तळवा काळानिळा होऊन इतका सुजला होता की पाय चपलेत शिरत नव्हता. न्यायाधीशांनी ते स्वतःच्या हाताने रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, लिहिले, त्याला तिथूनच जिल्हा रुग्णालयात पाठवले, आणि पोलीस कोठडीची मागणी फेटाळून न्यायालयीन कोठडी दिली. तो निकाल कुठल्या कायद्याच्या पुस्तकामुळे नव्हे, तर न्यायाधीशांनी माणसाकडे मान वर करून पाहिल्यामुळे झाला, असे मला आजही वाटते. आपल्या भावाला एवढाच निरोप पोचवा: मारले असेल तर ‘मारले’ म्हणावे, कुठे आणि कोणी ते सांगावे, दाखवावे; मारले नसेल तर खोटे सांगू नये, कारण त्याच दिवशीची तपासणी त्याला खोटे पाडते आणि मग त्याच्या खऱ्या म्हणण्यावरही विश्वास राहत नाही.

वकील नेमण्यासाठी पैसे नसतील किंवा रविवारी कोणी मिळत नसेल, तर त्याने न्यायाधीशांना ‘मला सरकारी खर्चाने वकील हवा’ एवढे म्हणावे. कोठडीतील माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते, तशी तरतूद १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातच आहे. २६/११ च्या खटल्यातील कसाबच्या अपिलावर निकाल देताना, ऑगस्ट २०१२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने देशातील सर्व न्यायदंडाधिकाऱ्यांना बजावले की पहिल्यांदा हजर केलेल्या माणसाला वकिलाचा हक्क सांगणे आणि त्याला कोणी नसेल तर वकील देणे हे त्यांचे कर्तव्य आहे, आणि त्यात कसूर झाल्यास खातेनिहाय कारवाई होऊ शकते. देशाला हादरवणाऱ्या गुन्ह्यातल्या आरोपीच्या अपिलात हा हक्क सर्वांसाठी स्पष्ट लिहिला गेला, याचे महत्त्व मला फार वाटते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे, तोही वापरून पाहा.

पोलीस कोठडी किती मिळेल हे आधी सांगता येत नाही. सात दिवस मागितले तर दोन ते चार दिवस मिळणे हा नेहमीचा अनुभव आहे. एकूण मर्यादा पंधरा दिवसांची आहे. जुन्या कायद्यात हे पंधरा दिवस पहिल्या पंधरवड्यातच संपत असत. नव्या संहितेत मात्र ते तुकड्यातुकड्यांनीही मागता येतात: दोषारोपपत्रासाठी साठ दिवसांची मुदत असलेल्या गुन्ह्यात पहिल्या चाळीस दिवसांत, आणि नव्वद दिवसांची मुदत असलेल्या गुन्ह्यात पहिल्या साठ दिवसांत. त्यामुळे एकदा न्यायालयीन कोठडीत गेलेला माणूस पुन्हा पोलिसांकडे जाऊ शकतो, आणि हा बदल आरोपीच्या दृष्टीने जाचक आहे असे माझे स्पष्ट मत आहे. दिलासा एवढाच की केवळ पुढे पोलीस कोठडी लागेल म्हणून अन्यथा पात्र असलेल्या आरोपीला जामीन नाकारता येणार नाही, असे त्याच संहितेत म्हटले आहे. कोठडीच्या काळात वकिलांना भेटता यावे, नेहमीची औषधे आणि शक्य तर घरचे जेवण मिळावे, यासाठीचे छोटे अर्ज उद्याच द्यावेत; ते सहसा मंजूर होतात.

जामिनाचे म्हणाल तर, खुनाच्या प्रयत्नात दुखापत झाली असल्यास शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते, आणि अशा गुन्ह्यात न्यायदंडाधिकारी स्त्री, अल्पवयीन किंवा आजारी आरोपी वगळता सहसा जामीन देत नाहीत. म्हणून पोलीस कोठडी संपून न्यायालयीन कोठडी मिळाल्यावर सत्र न्यायालयात अर्ज करायचा, त्यावर सरकार पक्षाचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणे, मागवला जातो आणि मग सुनावणी होते. यात दोन-तीन आठवडे सहज जातात. कलम १०९ च्या गुन्ह्यात नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो. हे दिवस अटकेपासून नव्हे तर पहिल्या रिमांडच्या तारखेपासून, तो दिवस धरून मोजतात, म्हणजे आपल्यासाठी ही मोजणी उद्यापासून सुरू होते. मात्र हा हक्क आपोआप पदरात पडत नाही. मुदत संपताच आणि दोषारोपपत्र दाखल होण्याआधी तो मागावा लागतो. दिनदर्शिकेवर खूण करून ठेवा.

त्याने काय बोलू नये हेही सांगायला हवे. न्यायाधीशांपुढे घटनेची हकीकत सांगायला सुरुवात करू नये. ‘मी मारले, पण आधी त्यांनी मारले’ हे वाक्य त्याला बचाव वाटते, ऐकणाऱ्याला ती कबुली वाटते. पोलिसांना दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, पण त्या सांगण्यावरून लपवलेले हत्यार निघाले तर तेवढा भाग चालतो, हे वकिलांनी त्याला एकांतात समजावून द्यावे. कोऱ्या कागदावर सही करू नये. आणि व्हरांड्यात त्याला घेरून सगळ्यांनी एकदम बोलू नये. तिथे फिर्यादीची माणसेही उभी असतात.

आपल्या बाजूने आज रात्री करायची कामे थोडीच आहेत. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरून प्रथम खबरी अहवाल (एफआयआर) उतरवून घ्या. संवेदनशील प्रकरणे सोडून तो तिथे टाकणे पोलिसांना बंधनकारक आहे. आपल्या घरातले कोणी जखमी असतील तर त्यांना आत्ताच सरकारी रुग्णालयात नेऊन जखमांची नोंद करून घ्या आणि आपली फिर्याद लेखी द्या. फिर्यादीकडे तडजोडीचा निरोप घेऊन कोणालाही पाठवू नका, कारण ‘साक्षीदारांवर दबाव’ हे पुढच्या रिमांड रिपोर्टमधले एक कारण आपणच पुरवाल. कोठडीत त्रास होऊ नये म्हणून कोणी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

उद्या निघताना वकीलपत्राचा कोरा नमुना, त्यावर लावायचे तिकीट आणि एक चालणारे पेन वकिलांच्या हाती आहे ना एवढे पाहा, कारण आरोपीची सही आदेशापूर्वीच्या त्या दोन-तीन मिनिटांतच घ्यावी लागते. त्याची औषधांची चिठ्ठी आणि कपड्यांचा एक जोड सोबत ठेवा. आणि सोमवारी न्यायालय उघडताच रिमांड रिपोर्ट, त्यावरील आदेश आणि रोजनामा यांच्या नकलांसाठी अर्ज द्या.